९२ जीबीची फाईल, ८ जीबीची मेमरी: क्रम लावायचा कसा?

खांडेपारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय.

फोंड्यात एका वाहतूकवाल्याकडे संगणकाचं पडेल ते काम बघतो. त्याच्या ३०० ट्रकांवर जीपीएसचे डबे बसवलेत. गाडी चालू असली की डबा दर दहा सेकंदांनी एक ओळ पाठवतो: गाडीचा नंबर, वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, इंजिन चालू की बंद, डब्याचा क्रमांक. अशा साडेतीन वर्षांच्या ओळी एकाच सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फायलीत) साठल्यात. फाईल ९२ जीबी, ओळी साधारण ११० कोटी.

भानगड अशी की ओळी आल्या तशा पडल्यात. अनमोड घाटात रेंज जाते. मग डबा ओळी पोटात ठेवतो आणि खाली मोल्यात पोचला की एकदम ओकतो. त्यामुळे दुपारी दोनच्या ओळीखाली साडेबाराची, मध्येच दुसऱ्याच गाडीची, परत पहिलीची, असा काला झालाय. शेठला चवथीआधी हवंय की कुठली गाडी कुठे किती वेळ उभी होती. त्यासाठी आधी गाडीनुसार आणि गाडीच्या आत वेळेनुसार क्रम लागायला हवा.

माझ्याकडे ८ जीबी रॅमची मशीन, एसएसडीवर ६० जीबी मोकळी आणि १ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क, जुनी, तबकडीवाली. पायथनमध्ये सगळी फाईल वाचून सॉर्ट मारला. सकाळी येऊन बघतो तर डिस्कचा दिवा अखंड पेटलेला आणि माऊस हलेना. मग लिनक्सची सॉर्ट आज्ञा दिली. दोन तासांनी ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून मेली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा पाऊस आला आणि वीज गेली.

काय करू?

दोन_पाव_भाजी

क्लाउडवर १२८ जीबी रॅमची मशीन तासाच्या भाड्याने घ्या, तिथे सॉर्ट करा, परत उतरवा. धागा संपला.

खांडेपारी

२० एमबीपीएसच्या लाइनवर ९२ जीबी चढवायला दहा तास लागतात, तेही लाइन टिकली तर. आणि गाड्या कुठे फिरतात हे बाहेर जाता कामा नये असं शेठचं फर्मान आहे.

रात्रपाळी

पायथनवाला प्रयोग का फसला तेवढं आधी सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. तुमची ओळ सरासरी ८४ बाइटची. पायथनमध्ये प्रत्येक स्ट्रिंगमागे पन्नासेक बाइटचा सरंजाम असतो, वर यादीतला ८ बाइटचा पॉइंटर (ओळ मेमरीत कुठे आहे तो पत्ता). म्हणजे ओळीमागे सुमारे १४० बाइट, ११० कोटी ओळींना दीडशे जीबीच्या वर. रॅम ८. उरलेलं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर. आणि सॉर्ट मेमरीत कुठेही उड्या मारतो. दर उडीला डिस्कवरचं पान आत आणा, दुसरं बाहेर टाका.

तबकडीच्या डिस्कवर एका उडीला १० मिलिसेकंद धरा. ११० कोटी ओळींसाठी प्रत्येकी फक्त एक उडी मारली तरी सव्वाचार महिने. तीच डिस्क सरळ रेषेत वाचली तर १०० एमबी प्रतिसेकंद देते, म्हणजे पूर्ण फाईल पंधरा-सोळा मिनिटांत. मेमरीत न मावणाऱ्या सॉर्टची सगळी करामत या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. डिस्कवर उडी मारायची नाही, सरळ चालायचं.

फितीवाले_काका

शाबास, रात्रपाळी. आमच्या वेळी तर उडी मारायची सोयच नव्हती.

१९७८ साली मुंबईत एका कचेरीत रात्रपाळीला होतो. चुंबकीय फिती, २४०० फुटांची रिळं. फीत पुढे जाते, गुंडाळून मागे येते, बस्स. मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची. आणि पगाराच्या फायली रोज क्रमाने लागायच्या. तेव्हा जे करत होतो तेच तुम्हाला करायचंय. मेमरीत मावेल तेवढा घास घ्या, त्याला क्रम लावा, बाहेर लिहून टाका. पुढचा घास. अशा क्रम लागलेल्या तुकड्यांना आम्ही ‘रन’ म्हणायचो. मग सगळ्या रनांची तोंडं एकत्र उघडायची आणि ज्याच्या तोंडाशी सर्वांत लहान ओळ असेल ती उचलून बाहेर टाकायची. मर्ज. सगळी फाईल कधीच मेमरीत लागत नाही, फक्त प्रत्येक रनाचं तोंड लागतं.

मर्ज सॉर्ट गणिती फॉन नॉयमनने लिहिला तो १९४५ साली, तो चालवायचं यंत्र उभं राहायच्या आधी.

एक गंमत सांगतो, राहवत नाही. तीनच टेप ड्राइव्ह असले तर रन कशा वाटायच्या? सारख्या नाही वाटायच्या. समजा १३ रन आहेत. एका फितीवर ८, दुसरीवर ५, तिसरी कोरी. ५-५ जुळवून तिसरीवर टाका. आता पहिलीवर ३ उरल्या, दुसरी कोरी, तिसरीवर ५. मग ३-३ जुळवा: दुसरीवर ३, तिसरीवर २. मग २-२, मग १-१, परत एकदा १-१, संपलं. दर वेळी एक फीत बरोब्बर रिकामी होते आणि पुढच्या फेरीला लिहायला मिळते. ८, ५, ३, २, १. ज्यांना जग फिबोनाचीचे आकडे म्हणतं ते आपल्याकडे हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदशास्त्र लिहिताना मांडले होते. रात्री दोन वाजता रिळं बदलताना हे आठवलं की बरं वाटायचं.

तिसऱ्या_सुके

काका, दंडवत. बाकी प्रतिसाद नंतर वाचतो, हाच दोनदा वाचला.

कुळागर

खांडेपारी, तुमची लिनक्सची आज्ञा हेच सगळं आपणहून करते, तिला फक्त नीट सांगावं लागतं. जागा का संपली? ती रन लिहायला टीएमपी फोल्डर वापरते, तो तुमच्या एसएसडीवर असणार. ६० जीबीत ९२ जीबीचे तुकडे कसे मावतील? मोठ्या टी-च्या पर्यायाने तात्पुरता फोल्डर यूएसबी डिस्कवर न्या. काही लिनक्सांत तर टीएमपी रॅममध्येच असतो. तिथे रन लिहिणं म्हणजे वाकलेल्या फांदीवर आणखी फणस लटकवणं.

मोठ्या एस-च्या पर्यायाने मेमरी सांगा, ८ पैकी ५ जीबी द्या. ५ जीबीत ५ जीबीचा मजकूर मात्र मावत नाही. प्रत्येक ओळीमागे सॉर्टला आपली खतावणी ठेवावी लागते. म्हणजे रन साडेतीन जीबीच्या आसपास, एकूण सव्वीस-सत्तावीस.

आता यातली मेख. ही आज्ञा एका वेळी मुळात १६ फायलीच जुळवते. तुमच्या २६ झाल्या की ती आधी काही जुळवून मधल्या फायली लिहिते, मग परत सगळं जुळवते. डिस्कवर फुकटचा हेलपाटा. बॅच-साइजचा पर्याय ६४ करा, एका फेरीत काम होईल.

शेवटचं: लोकेल (कुठल्या भाषेच्या नियमांनी क्रम लावायचा ती मांडणी) ‘सी’ करून चालवा. नाहीतर दर तुलनेला ती भाषेचे नियम बघत बसते. तुमचे नंबर आणि तारखा साध्या अक्षरांत आहेत, बाइटला बाइट लावून तुलना झाली तर वेळ कितीतरी वाचेल.

दोन_पाव_भाजी

हे सगळं करण्यापेक्षा डेटाबेसमध्ये टाका ना. त्याला सांगायचं क्रमाने दे, तो देतो.

कुळागर

तो कसा देतो ते विचारा त्याला. पोस्टग्रेस या डेटाबेसला एक्स्प्लेन ॲनलाइझ (काम कसं केलं ते दाखवणारी आज्ञा) लावून बघा, मेमरीत मावलं नाही तर ‘एक्स्टर्नल मर्ज’ लिहिलेलं दिसेल आणि डिस्क किती वापरली तेही. मुळात त्याला एका सॉर्टला ४ एमबी मेमरी दिलेली असते. ती वाढवली नाही तर काकांच्या फिती बऱ्या.

रात्रपाळी

मर्जच्या फेरीत बफर (वाचलेलं-लिहायचं साठवायचे मेमरीतले कप्पे) मोठे ठेवायचे हे लक्षात ठेवा. ३० रन आणि प्रत्येकीतून एकेक ओळ वाचली तर परत उड्याच. प्रत्येक रनामधून १६ एमबीचा घास एकदम उचला. ९२ जीबीला पावणेसहा हजार उड्या, म्हणजे जेमतेम एक मिनिट. सव्वाचार महिन्यांचा एक मिनिट होतो तो एवढ्याने.

आणि ३० तोंडांतली लहान ओळ शोधायला ३० तुलना लागत नाहीत. क्रिकेटच्या बाद फेरीसारखं झाड मांडायचं. विजेता बाहेर पडला की त्याच्या जागी त्याच रनामधला पुढचा खेळाडू येतो आणि त्याच्या वाटेतले सामनेच परत खेळायचे. ओळीमागे पाच तुलना.

फितीवाले_काका

रन मेमरीच्या दुप्पट करायची युक्ती सांगू? मेमरी भरून घ्या, सर्वांत लहान ओळ बाहेर टाका, तिच्या जागी लगेच नवी आत घ्या. नवी ओळ नुकत्याच बाहेर गेलेलीपेक्षा मोठी असेल तर चालू रनातच बसेल, लहान असेल तर पुढच्या रनासाठी बाजूला ठेवा. विस्कटलेल्या माहितीवरही रन सरासरी मेमरीच्या दुप्पट निघते.

दुप्पट का, ते समजवायला बर्फ ढकलणाऱ्या गाडीचं उदाहरण देतात. आपल्याकडे बर्फ कुठला. गोल अंगण घ्या, वर फणसाचं झाड, पानं सारखी पडताहेत आणि तुम्ही गोल गोल झाडता आहात. केरसुणीच्या पुढ्यात पानांचा थर सर्वांत जाड, कारण तिथे झाडून एक फेरा झालाय. केरसुणीच्या मागे शून्य. म्हणजे कुठल्याही क्षणी अंगणात असतो तो जाड थराच्या निम्मा कचरा, पण एका फेऱ्यात तुम्ही उचलता ती पुऱ्या जाडीने. बरोब्बर दुप्पट.

कुळागर

काका, उदाहरण झकास. पण ती युक्ती आता मागे पडलीय. त्यात सर्वांत लहान ओळ शोधायला लागणारी झाडासारखी रचना, म्हणजे हीप, मेमरीत इकडेतिकडे नाचतो, आजच्या प्रोसेसरच्या कॅशेला (त्याच्या जवळच्या छोट्या वेगवान मेमरीला) ते मानवत नाही. पोस्टग्रेसनेही २०१८ सालच्या ११व्या आवृत्तीत ती काढून टाकली.

फितीवाले_काका

काढू देत. अंगण अजून झाडावं लागतं.

अंगणातली_तुळस

संगणकातलं मला कळत नाही, पण क्रम लावण्यात जन्म गेला. पंचवीस वर्षं ग्रंथपाल होते. तुमच्या धाग्यावर सगळे जुळवण्याच्या मागे का लागलेत?

एकदा आमच्याकडे कार्डांचे खण वाळवीने खाल्ले म्हणून सगळी कार्डं बाहेर काढली. चाळीस हजार असतील. गड्याने ती पोत्यांत भरली आणि क्रम गेला. टेबलावर एका वेळी हजार-बाराशे मांडता यायची. आम्ही काय केलं, आधी सतरंजीवर अक्षरांचे ढीग घातले. अ इथे, आ तिथे, क खिडकीखाली. कार्ड बघायचं आणि ढिगावर टाकायचं, ढिगाच्या आत क्रम नाही. मग एकेक ढीग टेबलावर घ्यायचा, लावायचा, खणात ठेवायचा. ढीग अक्षरांच्याच क्रमाने उचलले की शेवटी जुळवायचं काही उरत नाही.

यांच्या तर ३०० गाड्या आहेत. ३०० ढीग करता येत नाहीत का?

रात्रपाळी

माई, टेबल म्हणजे रॅम आणि सतरंजी म्हणजे डिस्क. तुम्ही आम्हा सगळ्यांची विकेट काढलीत. ९२ जीबी भागिले ३०० म्हणजे ढीग ३०० एमबीचा. तो ८ जीबीत सहज मावतो. खांडेपारी, मर्ज विसरा. गाडीनुसार फायली पाडा, एकेक उचलून वेळेनुसार लावा, गाड्यांच्या क्रमाने जोडा.

फायदा आणखी एक. एका गाडीच्या ओळी बहुतेक वेळेनुसारच आहेत, घाटातल्या तेवढ्या मागेपुढे. पायथनचा सॉर्ट, टिम पीटर्सने २००२ मध्ये लिहिलेला, आधीच क्रमात असलेले पट्टे हुडकून तेच जुळवतो. जवळपास लागलेल्या यादीवर तो सुसाट सुटतो.

फक्त फायली पाडताना प्रत्येक ढिगाला आपला ४ एमबीचा बफर द्या आणि भरला की एकदम लिहा. ३०० ढिगांना १२०० एमबी, परवडतं. ४ केबीचे चतकोर लिहिलेत आणि डिस्कने खरोखर दर वेळी उडी मारली तर अडीच दिवस. ऑपरेटिंग सिस्टिम मध्ये थोडं सांभाळून घेते, पण तिच्या जिवावर राहू नका.

कुळागर

मान्य. पण ढिगांची एक खोड असते: ते सारखे पडत नाहीत. मर्जला माहिती कशीही असली तरी फरक पडत नाही, ढिगांना पडतो. एक ढीग टेबलाबाहेर गेला की परत पहिले पाढे पंचावन्न. आधी प्रत्येक गाडीच्या ओळी मोजून घ्या. एकदा सरळ वाचायला पंधरा मिनिटं.

तिसऱ्या_सुके

अवांतर: मला एकदा दहा आकडी मोबाइल नंबरांची राक्षसी यादी क्रमाने लावून दुबार नंबर काढायचे होते. सॉर्ट केलाच नाही. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी. प्रत्येक नंबराला एक बिट दिला तर ५०० एमबी. नंबर दिसला की त्याचा बिट पेटवायचा. शेवटी पहिल्यापासून चालत जायचं, पेटलेले छापायचे. क्रमही लागला, दुबारही गेले.

फितीवाले_काका

वा! पण यांच्या ओळीला नंबराशिवाय शेपूट आहे ना मरे, त्याचं काय करणार?

तिसऱ्या_सुके

म्हणूनच अवांतर म्हटलं काका.

खांडेपारी

मंडळी, दोन रात्री जागलो. सांगतो.

आधी मोजणी केली, कुळागर बाबांचं ऐकून. ३०० गाड्यांचे ढीग निघाले ४१२! डबा बसवणाऱ्याने कुठे ‘जीए-०५’ घातलंय, कुठे ‘जीए ०५’, कुठे नुसतंच सलग. एकाच ट्रकचे तीन अवतार. डॅश आणि मोकळ्या जागा उडवल्यावर ३०१ झाले. तो वरचा एक म्हणजे नुसती शून्यं. नवा डबा बसवला की नंबर भरेपर्यंत तो शून्य पाठवतो आणि काही डब्यांत महिनोन्महिने कोणी नंबर भरलाच नाही. त्या एका ढिगात ११ जीबी.

ढीग पाडायला पाऊण तास लागला. बाकीचे ३०० ढीग एसएसडीवर थोडे थोडे आणून लावले, सगळे मिळून दोन तासांच्या आत. शून्यांचा ढीग कुळागर बाबांच्या पद्धतीने, तात्पुरता फोल्डर यूएसबीवर, ३ जीबी मेमरी देऊन, डब्याच्या क्रमांकावर. पाच रन पडल्या, एका फेरीत जुळल्या. काका, त्या पाच फायली फोल्डरमध्ये वाढताना बघत बसलो होतो. कोणत्या डब्याची कोणती गाडी ते आता शेठच्या वहीतून शोधायचंय.

यूपीएस उसना आणला. अर्थात दोन्ही रात्री वीज गेली नाही.

एक शंका. मोबाइलवाल्यांसारखे माझेही दुबार आहेत. पोच मिळाली नाही की डबा तीच ओळ परत पाठवतो. युनिकचा पर्याय लावू का?

कुळागर

थांबा! गाडी आणि वेळ अशा दोन ‘की’ (क्रम ठरवणारे रकाने) देऊन युनिक लावलंत तर ती आज्ञा फक्त की बघते, अख्खी ओळ नाही. त्याच सेकंदाला ‘इंजिन बंद’ची वेगळी ओळ असेल तर दोघींपैकी एक गुपचूप जाईल. आणि तुम्हाला नेमका उभ्या गाडीचाच हिशेब हवाय. आधी पूर्ण ओळीवर सॉर्ट करा, मग युनिक.

खांडेपारी

वाचवलंत. लावणारच होतो.

अजून एक. ढीग पाडून, लावून, जोडल्यावर (दुबार काढायच्या आधी) ओळी मोजल्या. मूळ फाईलपेक्षा एक ओळ जास्त. कमी असती तर समजलं असतं, पण जास्त कुठून आली? तीनदा मोजली.

रात्रपाळी

मूळ फाईलच्या अगदी शेवटच्या ओळीनंतर एंटर आहे का बघा. मोजणारी आज्ञा ओळी मोजत नाही, एंटर मोजते. वीज गेली तेव्हा शेवटची ओळ अर्धवट राहिली असेल.

खांडेपारी

बघितलं. नव्हता. शेवटची ओळ ‘वेग ३’ वर तुटलीय. ३० होता की ३८, आता त्या डब्यालाच विचारायला हवं.

माई, तुमच्यासाठी एक प्रश्न. शेठला थांब्यांच्या गावांची यादी मराठीत हवीय. सगळ्याला ‘सी’ लोकेल लावून ठेवलंय. चालेल ना?

अंगणातली_तुळस

त्याने क्रम कसा लागला ते लिही बघू. सावर्डे आधी आलं की साळगाव?

खांडेपारी

साळगाव.

अंगणातली_तुळस

मग चुकलं. आपला ळ ह च्या नंतर येतो. तुझ्या यंत्राने तो ल च्या शेजारी, व च्या आधी बसवलाय.

रात्रपाळी

युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरांना आकडे देणाऱ्या) तक्त्यात ल, ळ, ऴ, व असे ओळीने आहेत, माई. बाइटची तुलना त्याच क्रमाने जाते. क्ष आणि ज्ञ तर वेगळी अक्षरंच नाहीत तिथे, क ला ष जोडलेला, ज ला ञ. म्हणून क्ष सगळ्या साध्या ‘क’वाल्यांच्या मागे पण ख च्या आधी जाऊन बसतो. खांडेपारी, गावाच्या नावापुढे आणखी एक रकाना करा, त्यात ळ, क्ष, ज्ञ ला ह च्या पुढचे आकडे द्या आणि त्या रकान्यावर सॉर्ट मारा. थांबे किती आहेत?

खांडेपारी

एकशे चाळीस.

अंगणातली_तुळस

एकशे चाळीस? अरे बाबा, चिठ्ठ्यांवर लिहून आण. चहा होईस्तोवर लावून देते.